रवीच्या नावाचा पहारा

मत्सर हा मोठा कष्टाळू गडी आहे. त्याला अमावास्येची सुट्टी नाही, पोळ्याचा सण नाही, जेवायला बसला तरी डोळा शेजारच्या ताटात. एकदा घरात शिरला की धन्यालाच कामाला लावतो. बिदरकडच्या मंठाळ गावात व्यंकटच्या घरी तो एक वर्षभर मुक्कामाला होता, आणि तेवढ्या वर्षात त्यानं व्यंकटकडून सत्तावीस खेळ खेळवून घेतले. खेळ कसले म्हणाल, तर कॉम्प्युटरवरचे.

झालं असं. व्यंकटचा धाकटा भाऊ रविकुमार बिदरला इंजिनिअर झाला आणि दोन हजार सहाच्या माघात, गावचा हरिनाम सप्ताह उठला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, नोकरीला बंगळूरला निघाला. जाताना आपला जुना कॉम्प्युटर घरी ठेवला आणि सोबत एक स्टीलचा डबा. त्याच डब्यातून त्यांची माय, सत्यभामाबाई, हॉस्टेलवर लाडू पाठवत असे. आता त्यात सत्तावीस सीड्या होत्या, चार वर्षांत हौसेनं जमवलेल्या. अकरा खेळ रवीनं खेळलेले, बाकीच्या सोळांना हातसुद्धा लागलेला नाही. एस्टीत चढताना तो म्हणाला, "अण्णा, मला काय आता वेळ गावत न्हाई. तूच खेळून संपव सगळे."

म्हणणाऱ्याच्या मनात मायाच होती. पण ऐकणाऱ्याला वाटलं, ह्यानं आपलं उष्टं ताट पुढं सरकवलं.

व्यंकट त्या वेळी चौतीस वर्षांचा, रवीपेक्षा अकरा वर्षांनी मोठा. बाप गेला तेव्हा तो दहावीत होता. पाटी ठेवली आणि औताच्या मागं लागला, तो अजून सुटला नव्हता. रवीची पुस्तकं, रवीचा चष्मा, रवीची परीक्षा, सगळं त्यानंच ओढलं आणि आनंदानं ओढलं. सलत होती ती गोष्ट निराळीच. रवी निघाला तेव्हा माय वेशीपर्यंत अनवाणी गेली आणि गाडीची धूळ बसेपर्यंत उभी राहिली. व्यंकट तर रोजच वेशीबाहेर जायचा, शेताकडं. त्याच्या धडप्यात भाकरी बांधताना मायची मानसुद्धा वर होत नसे.

फाल्गुनात एका दुपारी करंट होता आणि काम नव्हतं, म्हणून त्यानं कॉम्प्युटर लावला. हिरे जुळवायचा एक सोपा खेळ होता. शेवटी पडद्यावर पाच ओळींची यादी आली, सगळ्यांत जास्त गुण मिळवणाऱ्यांची. पाचही ओळींवर इंग्रजीत एकच नाव. मागं तूर पाखडत बसलेली माय सूप टाकून पुढं आली आणि पडद्याला बोट लावून म्हणाली, "रव्या."

तिला अक्षरओळख नव्हती, कन्नडची नाही नि मराठीची नाही. पण जाण्याआधी रवीनं तिला आपलं नाव दाखवलं होतं आणि तिनं ते आपल्या रीतीनं ध्यानात धरलं होतं. पहिलं अक्षर पाय पुढं टाकून उभारलेल्या, ढेरी सुटलेल्या पोटल्या माणसागत, दुसरी खोप, तिसरी उलटी पडलेली खोप, चौथी काठी. तिनं पडद्यावरून हात फिरवला नि कानशिलावर बोटं मोडली. व्यंकट खुर्चीवर बसलाच होता, त्याच्या खांद्याला तिची कोपर लागली, पण तिचं तिकडं ध्यान नव्हतं.

झालं, गडी घरात शिरला.

हितंबी हाच वर, व्यंकट मनात म्हणाला. आणि त्या दिवशीच त्यानं नेम धरला, की वर्षाच्या आत, पुढच्या सप्ताहापर्यंत, डबा रिकामा करायचा. प्रत्येक खेळ शेवटापर्यंत न्यायचा आणि प्रत्येक यादीत आपलं नाव घालायचं. रवी नुसता दुसऱ्या ओळीवर उतरून त्याचं समाधान होत नसे. पाच वेळा जिंकून, एकेक पायरी खाली ढकलत, तो भावाला यादीबाहेर काढी. मग ती सीडी डब्यातून काढून खिडकीत ठेवी.

मृगाची पेरणी होईपर्यंत खिडकीत सहा सीड्या झाल्या. उडीद-मूग निघाले तेव्हा तेरा. करंट दुपारी दोन तास आणि दिवेलागणीला एक तास यायचा, त्यातच सगळं उरकायचं. पाखरं मारली, किल्ले जिंकले, क्रिकेटमध्ये कुठल्या कुठल्या देशांना हरवलं. बायको अंबिका भाकरी थापता थापता म्हणायची, "पारायणाला बसल्यागत बसायलाव. उद्यापनाला किती बामण सांगू?" तो पडद्यावरची नजर काढत नसे. पण एक गोष्ट त्याची त्यालाच उमगली आणि तिची लाजही वाटली. जे सोळा खेळ रवीनं उघडलेच नव्हते, ते त्याला अळणी लागत. कोरी यादी, तिथं पहिला नंबर मिळवून काय करायचं? नेमापोटी खेळायचा नि बाजूला सारायचा. रवीचं नाव दिसलं की मात्र जेवणात मीठ पडायचं.

दर रविवारी रवीचा फोन येई. माय आधी बोलायची, फोन तापेपर्यंत बोलायची, आणि अगदी शेवटाला व्यंकटच्या हाती द्यायची. रवी विचारायचा, पाऊस कसा, तुरीवर अळी पडली का, आणि हसत हसत, किती खेळ झाले. व्यंकट आकडा सांगायचा. कुणाचं नाव पुसलं ते सांगत नसे.

तुरीची रास झाली नि डब्यात एकच सीडी उरली. गाडीचा खेळ. डोंगरातला रस्ता, एकवीस वळणं, आणि यादी नाहीच. सगळ्यांत कमी वेळात जो पोचला त्याचं एकट्याचं नाव नि वेळ पडद्यावर येई. रवी, दोन मिनिटं चौदा सेकंद. हा खेळ व्यंकटनं मुद्दाम शेवटाला ठेवला होता, कारण तो मायचा आवडता होता. दिवेलागणीला देवाजवळ निरांजन लावलं की ती त्याला म्हणायची, गाडी लाव. नाव आलं की तिथूनच हात जोडायची. इतर खेळांतून नाव गेलं होतं हे तिला ठाऊक नव्हतं, कारण ती दुसरं काही बघतच नव्हती. तिच्या मनानं एक घेतलं होतं, की पडद्यावर नाव आलं म्हणजे लेक तिकडं सुखरूप आहे. गेलेल्याच्या पाठीमागं लावलेला दिवाच जणू, विझला नाही तोवर काळजी नाही.

व्यंकट दोन महिने त्या डोंगरात फिरत होता. दोन-वीस, दोन-सतरा, मग पंधरा दिवस दोन-पंधराच. एकोणिसाव्या वळणावर रवी नक्की काय करत असेल याचा विचार तो हरभऱ्याला पाणी देतानाही करायचा.

सप्ताह बसला. व्यंकटला कीर्तनाचं वेड. टाळ घेऊन तो पहिल्या रांगेत उभा राही. पाचव्या दिवशी बुवांनी सांगितलं, की दुसऱ्याच्या शेतात तण वाढावं म्हणून जो उपास करतो, त्याच्या शेताला तरी कधी खुरपं मिळतं का? मंडप हसला, व्यंकटही हसला, टाळ जोरात वाजवला. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घरी येऊन त्यानं दोन मिनिटं तेरा सेकंदांत डोंगर पार केला.

पडद्यावर त्याचं नाव आलं. सत्ताविसावी सीडी खिडकीत गेली. त्यानं रिकामा डबा उलटा करून दोनदा वाजवला. कुणाला हाक मारून सांगावं असं मात्र कुणी आठवलं नाही.

दिवेलागणीला माय निरांजन ठेवून आली. गाडी लाव म्हणाली. नाव आलं, तशी ती वाकून बघायला लागली. पोटला माणूस नाही, काठी नाही.

"रव्या कुठं गेला रं?"

कॉम्प्युटर बिघडला असंल, एवढंच व्यंकट कसंबसं म्हणाला. मायनं फोन लावायला सांगितला. लाईन लागेना. पुन्हा लावला, बंद लागला. रवी कामानं कुठं बाहेरगावी गेला असेल, हे अंबिकानं समजावलं, व्यंकटनं समजावलं. माय ऐकेना. भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "त्याचं कळंस्तोवर मी तोंडात घास घालणार न्हाई."

आणि घातला नाही. रात्री नाही, सकाळी नाही. साठीची बाई, ताकाचा घोटसुद्धा घेईना. सकाळपासून फोन तसाच बंद. व्यंकटला खरं सांगून टाकता आलं असतं, चार शब्दांचं काम होतं. पण ते चार शब्द असे, की मी रवीचं नाव पुसलं. आणि मग तिनं विचारलं असतं, कामून? त्याचं उत्तर त्यानं स्वतःलासुद्धा कधी दिलं नव्हतं.

दुपारी दोनला त्याचा वीणेचा पहारा होता. सप्ताहात सात दिवस वीणा भुईला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या. मंठाळात आणखी एक रीत. गावाबाहेर गेलेल्याचा पहारा घरच्यानं धरायचा, आणि वीणा घेताना कुणाच्या नावानं ते तोंडानं बोलायचं. उभारतो एक, पण पहारा रुजू होतो दुसऱ्याचा. रवी शिकायला गेल्यापासून दोन ते चार हा त्याचा पहारा व्यंकटच धरत आला होता. पाय ह्याचे दुखणार आणि पुण्य त्याला, हे दरसाल त्याला कुसळासारखं टोचायचं.

त्याच्या आधी वीणा गुरुशांतप्पांकडं होती. ऐंशीचे अप्पा, थोरल्या लेकाच्या नावानं उभे होते. तो लेक सोलापूरला गेला तो वीस वर्षांत परतला नव्हता, पत्ताही नव्हता. अप्पांनी वीणा उतरवली, व्यंकटच्या पायाला हात लावला आणि विचारलं, "कुणाच्या नावानं?"

व्यंकट नुसती टोपी सारखी करत राहिला. टाळकरी बघायला लागले. मागं ओळीनं उभारलेल्या माणसांत कुणीतरी खाकरलं.

"सांग की रं बाळा," अप्पा म्हणाले. "नाव घेतल्याबिगर ती कशी देऊ?"

"रवीच्या," व्यंकट म्हणाला, "माझ्या भावाच्या नावानं." आणि वाकला तो नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ वाकलेला राहिला.

दोन तास तो उभा होता. अप्पा घरी न जाता खांबाला टेकून बसले होते, डोळे मिटून, पहारा संपला तरी लेकाचं नाव पुटपुटत. व्यंकट त्यांच्याकडं बघत होता आणि तारेवर बोट फिरवत होता.

चारला वीणा दिली आणि तो तडक घरी आला. माय तशीच भिंतीला. सहाला करंट आला, सातला जाणार. व्यंकटनं गाडी लावली.

आता पुढं कुणी नव्हतं, स्वतःलाच हरवायचं होतं. जे दोन महिन्यांत जमलं त्याहून जास्त एका तासात. पहिल्या खेपेला दोन-अठरा. मग दोन-सोळा. मग एकदा दरीतच गेला. अंबिका दाराशी येऊन उभी राहिली, हाताला पीठ तसंच. सहा-पन्नासला तो एकोणिसाव्या वळणावर आला आणि ब्रेक दाबायचा विसरला. गाडी कठड्याला घासत, ठिणग्या उडवत गेली, पण गेली. दोन मिनिटं बारा सेकंद. पडद्यानं नाव विचारलं. त्यानं एकेक कळ शोधून चार अक्षरं घातली.

"माय, हिकडं ये."

ती भिंत धरत आली. पोटला माणूस, खोप, उलटी खोप, काठी. तिनं हात जोडले. मग व्यंकटकडं बघितलं, बराच वेळ बघितलं.

"माय, ते नाव मीच पुसलं हुतं."

"आन आता?"

"मीच घातलं. त्याच्या नावानं खेळलो."

माय खाली बसली. "पहाऱ्यागत," ती म्हणाली. "मग पोचलं त्याला." का पुसलं, हे तिनं विचारलं नाही. अंबिकाला म्हणाली, भाकरी आण. पहिला घास मोडताना तिला काय आठवलं कोण जाणे. "व्यंकट, तुझं नाव कसं लिहितेत? तेबी दाव बघू."

व्यंकट उठला. सव्वीस खेळांत ते नाव होतं, कुठलाही उघडला असता तरी चाललं असतं. त्यानं हिऱ्यांचा उघडला, यादी येतच होती, आणि करंट गेला.

"ऱ्हाऊ दे," अंधारातून माय म्हणाली. "उद्या बघीन. जे घरात न्हाई त्याचं नाव वाचायला लागतंय. तुला तर मी दिसातनं धा येळा हाक मारते."

अंबिकानं चिमणी लावली. मायनं अर्धी भाकरी खाल्ली आणि उरलेली अर्धी, न विचारता, व्यंकटच्या ताटात ठेवली.

रवीचा फोन दुसऱ्या दिवशी काल्याच्या जेवणाच्या वेळी आला. कंपनीनं म्हैसूरला नेलं होतं, तिथं फोन बंद ठेवायला लावले होते. यावेळी फोन आधी व्यंकटनंच उचलला. इकडचं तिकडचं झालं, मग रवीनं विचारलं, "अण्णा, गाडीचा झाला का? माझं नाव उडवलास?"

"तुझंच नाव हाय. दोन-बारा."

"माझं तर दोन-चौदा हुतं की. कोण खेळलं?"

"मी. तुझा पहारा धरला."

मधलं दोन-तेरा कुणाचं होतं, ते किती दिवसांत झालं, हे रवीनं विचारावं असं व्यंकटला फार वाटलं. मत्सर म्हणतात तो गडी असा एका दिवसात बिऱ्हाड हलवत नाही. पण तेवढ्यात मायनं हात पुढं केला, आणि व्यंकटनं फोन तिच्याकडं दिला.

"व्हय रं, जेवले," माय फोनमध्ये सांगत होती. "अण्णा? अण्णा हाय की हितं, माझ्या बाजूला."