वफियाच्या वडिलांचं होकायंत्र

डॉक्टर नबहान जुन्या लष्करी वस्तू चाटून पाहतात. हे मी चेष्टेनं सांगत नाही. शिरस्त्राण असो, बिल्ला असो, आधी भिंगातून बघायचं, मग जिभेचं टोक धातूला लावायचं आणि डोळे मिटायचे. ते कशाचे डॉक्टर आहेत, हे अलेक्झांड्रियात त्यांच्याच गल्लीत चौकशी करूनही मला कळलं नाही.

चाटण्यामागं कारण आहे. दुसऱ्या महायुद्धात आमच्या या वाळवंटी किनाऱ्यावर मोठी लढाई झाली, त्यामुळं इथल्या वस्तूंना गिऱ्हाईक आहे आणि त्यामुळंच इथं बनावट मालही होतो. नवं पितळ मिठाच्या चिखलात दोन महिने पुरलं की ते म्हातारं दिसू लागतं. म्हणून खारट लागलं तर माल खोटा. हे एवढं एक वाक्य डॉक्टरांनी कुठून तरी उचललं आणि त्यावर तीस वर्षं पोट भरलं.

गेल्या हिवाळ्यात नगरपालिकेनं युद्धाच्या वस्तूंसाठी दोन खोल्या उघडायचं ठरवलं. समितीचा प्रमुख शेख मिफ्ताह. त्यानं नियम केला की डॉक्टरांचा कागद असेल तीच वस्तू कपाटात जाईल. बघता बघता कपाटं भरली, आणि प्रत्येक पाटीवर परक्या सेनापतींची, परक्या पलटणींची नावं. आमच्या माणसाचं एकही नाही.

म्हणून वफिया मला घेऊन शेखकडं आली. पासष्टीची विधवा, माझ्या घराशेजारी राहते, सगळे तिला आदरानं हाज्जा म्हणतात. तिचा बाप बूजैद वाटाड्या होता. वाळवंटात भरकटलेल्या रणगाड्यांच्या एका तुकडीला त्यानं सुरुंगांमधून वाट काढत समुद्रापर्यंत आणलं, तेव्हा त्यांच्या अधिकाऱ्यानं आपलं होकायंत्र त्याला देऊन टाकलं. वफियाला मोबदला नको होता. बापाचं नाव भिंतीवर लागावं, एवढंच हवं होतं.

शेखच्या बैठकीत आम्ही चौघंच होतो. डॉक्टरांनी चहाचे तीन पेले रिचवले, भिंग फिरवलं, होकायंत्र चाटलं आणि डोळे मिटले.

"खारट," ते म्हणाले. "हाज्जा, तुम्हाला कुणीतरी फसवलंय."

वफिया दर ईदला ते होकायंत्र विहिरीच्या पाण्यात फडकं बुडवून पुसते. आमच्या विहिरी खाऱ्या आहेत. इथला पेला चाटला तर तो खारट, दाराची कडी चाटली तर तीही खारट. डॉक्टरांनी नुकताच प्यायलेला चहासुद्धा त्याच पाण्याचा होता, पण साखरेच्या ढिगाखाली त्यांच्या त्या विद्वान जिभेला पत्ता लागला नाही. मी शाळेत शिकवतो त्या पहिलीतल्या पोरांनी आधी विचारलं असतं, की ही वस्तू धुता कशानं?

मी तोंड उघडणार, तेवढ्यात डॉक्टरांनी ते होकायंत्र स्वतःच्या पिशवीकडं सरकवलं. म्हणाले, नाही तरी तुम्हाला याचा उपयोग नाही, माझ्या नातवाला खेळायला नेतो, तुम्हाला साखरेची एक गोणी पाठवून देईन. तेव्हा मला उमगलं की मी त्यांना नुसतं अडाणी समजत होतो, आणि तेवढं समजणं हा त्यांचा मानच होता. खारटपणा त्यांना खऱ्या वस्तूतही लागतो, हवा तेव्हा लागतो.

वफियानं हात पुढं करून होकायंत्र परत आपल्या मांडीवर घेतलं.

"खोटं आहे ना? मग तसं लिहून द्या. शिक्का मारून."

"एवढ्याशा गोष्टीला कागद कशाला, हाज्जा."

"कशाला म्हणजे? खऱ्याला कागद देता, खोट्याला पण द्या. आणि त्यावर कोरलेला आकडा पण लिहा, म्हणजे उद्या हे दुसऱ्या कुणाला कोणी खपवायला नको."

शेख मिफ्ताहनं खिशातलं पेन काढून डॉक्टरांसमोर ठेवलं.

आता बघा. आकडा घालून 'वस्तू खोटी' असं लिहिलं, तर डॉक्टरांना ते होकायंत्र त्यांच्याच शिक्क्यामुळं कुठंही विकता येणार नव्हतं. लिहायला नकार दिला, तर शेख कारण विचारणार. डॉक्टरांनी पेनाकडं पाहिलं. कपाळ पुसलं. मग, उजेड कमी होता, असं काहीसं पुटपुटत उठले आणि वफियाकडून होकायंत्र मागून घेत भिंगासकट खिडकीशी गेले. बाहेर लख्ख दुपार होती.

"तिथं परत चाटून बघा की," वफिया म्हणाली.

त्यांनी चाटलं नाही. बराच वेळ भिंग हलवल्यासारखं केलं आणि अखेर जाहीर केलं की वस्तू अस्सल असून अत्यंत दुर्मिळ आहे, आणि हे त्यांच्याशिवाय कुणाच्याच ध्यानात आलं नसतं. कागद झाला, आकडा पडला, शिक्का बसला. जाताना त्यांनी वफियाचं अभिनंदनही केलं. निर्लज्जपणाला मुळात शिक्षणाची गरज नसते, पण या माणसानं त्यातही परिश्रम घेतलेले दिसले.

खोल्या उघडल्या त्या दिवशी मी वफियाबरोबर गेलो. तिला वाचता येत नाही. काचेमागं होकायंत्र होतं, शेजारी पाटी.

"काय लिहिलंय, उस्ताद?"

"बूजैद अब्दुलमौला, वाटाड्या. यानं सुरुंगांतून माणसं जिवंत बाहेर आणली."

तिनं ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग बोट काचेवर खाली नेलं. तिथं दुप्पट मोठ्या अक्षरांत आणखी एक ओळ होती, 'शोधकर्ते: डॉक्टर नबहान'.

"आणि हे?"

"ते काही नाही," मी म्हणालो. "चल, बाहेर ऊन छान पडलंय."