अंगणातल्या दिव्याची केबल

दादाचा फोन आला तेव्हा वायरवाली एका गिऱ्हाइकाच्या नव्या घराच्या पोटमाळ्यावर उताणी पडून होती. आई पहाटे झोपेतच गेली, दादा म्हणाला. धाकटी उद्या पोचेल, तोवर काही करायचं नाही. हातातलं काम उरकून ये.

"बरं," ती म्हणाली आणि फोन खिशात टाकला.

काम म्हणजे भोकं बुजवणं. थोड्याशा विजेत घर उबदार राहावं म्हणून भिंतींना आणि छताला आतून हवाबंद पडदा लावला होता. केबल न्यायची तर त्याला भोक पाडावंच लागे. केबलींचा जुडगा एकत्र नेला की मधल्या फटींतून हवा जाते, म्हणून ती एकेक सुटी नेई. प्रत्येकीला रबरी कॉलर, कॉलरभोवती चिकटपट्टी, वरून अंगठा दाबून.

गेली दोन वर्षं आई तिला ओळखत नव्हती. त्याआधी मात्र येईल त्याला सांगायची, "माझी लेक म्हणजे भिंतीतली घूस. हाक मारली की आतून ओ देते." हे आठवलं तरी तिला काही वाटलं नाही. पट्टी दातानं तोडून ती पुढच्या केबलीकडे सरकली.

दुपारी घर कुठं गळतंय ते बघणारा चाचणीवाला आला. त्यानं दारात मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर खेचायला सुरुवात केली. भोक राहिलं असेल, तर तिथून बाहेरची हवा आत घुसते. गळतीचा आकडा काही मर्यादेत बसेना. धुराची कांडी फिरवत तो अंगणातल्या दिव्याच्या केबलीपाशी आला आणि धूर हेलकावला. कॉलर चोख होती. पण केबल ज्या नळीतून येत होती तिचं तोंड उघडंच होतं. बूच बसवायचं राहिलं होतं. वायरवालीच्या हातून असं कधी होत नसे.

इतकं बजावूनही शेवटी भोक राहिलंच, असं म्हणत घराच्या मालकीणबाईंनी विचारलं, लक्ष कुठं होतं तुमचं?

"सकाळी आई गेली माझी." बुचं संपली म्हणावं, तसं ती म्हणाली.

मालकीणबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी पंखा बंद करायची खूण केली.

"राहू दे चालू. नाहीतर बूच नीट बसलं का, ते कसं कळणार?"

तिनं बूच दाबलं. धूर सरळ वर गेला. आकडा बसला.

मालकीणबाईंनी तिला गाडीनं दादाच्या घरी सोडलं. वाटेत त्या आपल्या आईबद्दल बरंच बोलल्या. ती हं हं करत राहिली.

वहिनी तिला आतल्या खोलीत घेऊन गेली. वायरवालीनं आईच्या बोटांना हात लावून बघितला. गार होती. मग बाहेर येऊन भूक लागलीय म्हणाली. वहिनीनं वाढलं. तिनं पोटभर खाल्लं, पुन्हा मागून घेतलं. दादा बघत होता.

"रडून घे गं," तो म्हणाला.

"येतच नाहीये, दादा."

त्यानं मान हलवली. ती ताट विसळायला उठली.