बिनदातांचा राक्षस

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी त्याने ब्लेडने पाकीट कापलं. इतक्या वर्षांत त्याने कापलेलं हे पहिलंच पाकीट.

तो कवळ्या बनवणारा कारागीर. डॉक्टरांकडून तोंडाचे ठसे यायचे, त्यांवरून तो गुलाबी हिरड्या आणि दात घडवून परत पाठवायचा. टेबलामागे काचेचं कपाट होतं आणि त्यात जुन्या विज्ञानपटांतले वीतभर उंचीचे राक्षस. कुणी तीन डोळ्यांचा, कुणी परग्रहावरून उतरलेला, कुणी प्रयोगशाळेच्या स्फोटातून निघालेला. सगळे कारखान्यातून निघाले तसे, पुठ्ठ्यावर प्लास्टिकच्या कवचात बंद. पाकीट फोडलं की संग्रहातला मान गेला, हा संग्राहकांचा नियम तो डोळ्यांत तेल घालून पाळत आला होता. बायको म्हणायची, "अहो, इतकी वर्षं कोंडलंत बिचाऱ्यांना. एकदा पॅरोलवर तरी सोडा."

दुपारचं ऊन कपाटावर आलं की कवचांत पाणी भरल्यासारखं वाटे. सगळे राक्षस तळाशी उभे राहून वर पाहतायत असा भास होई. मग तो हातातली कवळी खाली ठेवी आणि बघत बसे.

या सगळ्याच्या मुळाशी एक सिनेमा होता, आणि तो त्याने पाहिलाच नव्हता. सहा वर्षांचा असताना त्याला दादा घेऊन गेला होता. दादा तेव्हा बारा वर्षांचा. पडद्यावर दलदलीचं पाणी उकळायला लागलं तशी धाकट्याने डोळे गच्च मिटले, ते शेवटपर्यंत उघडले नाहीत. दादाने अख्खा सिनेमा त्याच्या कानात सांगितला. राक्षस वर येतोय, पण हळूच. अंगावर कमळाची पानं आहेत. तोंडात एकही दात नाही, त्यामुळे तो काय म्हणतोय ते कुणाला कळत नाही, म्हणून लोक उगाच पळतायत. शेवटी तो कंटाळून पाण्याखाली झोपायला जातो.

त्या सिनेमाची रिळं पुढे जळून गेली. साधा फोटोही कुठे मिळाला नाही. कपाटातले बाकीचे राक्षस त्याच्या शोधात वाटेवर भेटलेले.

दादा आता शुश्रूषागृहात होता. माणसं ओळखेनासा झाला होता. धाकटा दर मंगळवारी एक पाकीट घेऊन जायचा. दादा त्याला 'डॉक्टर' म्हणायचा, पण राक्षस कोणत्या सिनेमातला ते मात्र धडाधड सांगायचा. गेले तीन मंगळवार तेही बंद पडलं होतं. आज चौथा. आणि आजच सकाळी पार्सलमधून दलदलीतला राक्षस आला होता. कवच जुनं होऊन पिवळं, अपारदर्शक झालेलं. आत नुसती हिरवी सावली. ती दाखवून दादा काय ओळखणार? म्हणून ब्लेड.

राक्षस बाहेर आला. अंगावर कमळाची पानं होती. आणि तोंडभर दात. सवयीने त्याने मोजले : वर सोळा, खाली चौदा, सगळे आत वळलेले.

घासायचं यंत्र हाताशीच होतं. दोन मिनिटांत गोष्टीतला राक्षस तयार झाला असता. त्याने यंत्र सुरू केलं, टोक दातांपाशी नेलं. मग वाटलं, दादाने जे पाहिलं होतं तेच दादाला दाखवायला हवं. त्याने यंत्र बंद केलं.

पाच वाजता तो पोचला. नर्सबाईंनी सांगितलं की आजोबा सकाळपासून तोंडातून शब्द काढत नाहीत. खिडकीबाहेरच्या झाडाची सावली भिंतीवर पाण्यासारखी हलत होती. त्याने राक्षस दादाच्या हातात दिला. दादा पाहत राहिला, पाहतच राहिला. मग त्याने राक्षसाच्या तोंडावर अंगठा ठेवला आणि मानेने धाकट्याला जवळ बोलावलं.

"डॉक्टर, याचे दात धाकट्याला दाखवू नका. तो घाबरतो. दात नाहीत असं सांगितलंय मी त्याला."

"नाही दाखवणार."

दादाने दाराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "डोळे उघडलेत का त्याने?"

कवळीवाल्याने डोळे मिटले. "नाही, दादा. अजून नाही."

खुर्ची करकरली. कानाशी ऊबदार श्वास आला, आणि दादा सांगू लागला की पाणी उकळतंय, पण घाबरायचं काही नाही.

सहाला भेटीची वेळ संपली. नर्सबाई दोनदा दारात आल्या आणि तशाच परत गेल्या. सव्वासहाला राक्षस गावाच्या वेशीपर्यंत पोचला होता. धाकट्याचे डोळे मिटलेले होते, आणि दादाचा अंगठा राक्षसाच्या तोंडावर तिथेच होता.