वाकळेचा चौथा कोपरा

घरात पाच वाकळा असताना सहावी शिवायला घ्यावी, एवढी काही रहिमतपुरात थंडी पडत नाही. पण हरणाबाईंना ती पांघरायची नव्हतीच. त्यांना माहेरी गेलेली सून परत घरी आणायची होती.

शंभूराज त्यांचा एकुलता एक. कुपवाडच्या बेकरीत भट्टीवर होता. शनिवारी नानकटाईचा पुडा घेऊन घरी यायचा आणि आठवड्याचे मळके कपडे आईपुढे टाकायचा. लग्न झालं तरी ते धुणं हरणाबाईंनी सुनेला दिलं नाही. डालड्याचे डाग काढावेत तर आपणच, असा त्यांचा ताठा होता, आणि गल्लीत तो सगळ्यांना माहीत होता. शिमग्याच्या तोंडावर घरी येताना त्याची मोटारसायकल घसरली आणि सगळंच संपलं. दिवसकार्य उरकल्यावर संयोगिता माहेरी सांगलीला गेली. फोनवर "येते, आत्ती" म्हणायची, पण यायची नाही. तिच्याशिवाय घर खायला उठायचं.

म्हणून हरणाबाईंनी शंभूराजच्या कपड्यांची वाकळ धरली. शर्ट कमी पडले तेव्हा सुनेची पेटी उघडली. तळाशी घट्ट गाठ मारलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत त्याचा चौकड्यांचा शर्ट निघाला. कॉलर काळी, बाह्यांना तूप आणि मैदा. पोरगी गुणाची खरी, पण शर्ट धुण्यात टाकायची विसरली, असं पुटपुटत त्यांनी शर्ट सोड्याच्या पाण्यात भिजत घातला. मळकं कापड वाकळेत घालायची रीत नाही. कॉलर साबण लावून ब्रशने घासली तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. तो शर्ट त्यांनी मधोमध लावला.

तीन कोपरे बंद झाले. चौथ्यात घास ठेवून मग टाका घालायचा, वाकळ उपाशी राहू नये म्हणून. त्यासाठी त्यांनी पेठेतून नानकटाई आणली आणि सांगलीला फोन लावला. "शंभूची वाकळ शिवलीया. शेवटचा टाका तू घाल, ये."

संयोगिता दुसऱ्याच दिवशी दुपारी आली. हरणाबाईंचा जीव भांड्यात पडला. पोरीने वाकळ मांडीवर घेतली, लग्नातल्या कुडत्यावरून हात फिरवला, निळ्या पँटीवरून फिरवला आणि चौकड्यांवर आली तशी थांबली.

"आत्ती, ह्यो पिशवीतला शर्ट?"

"व्हय. लय मळला हुता गं. बघ आता कसा नव्यावानी दिसतोय."

संयोगिताने वाकळ उचलून त्यात तोंड खुपसलं. वर पाहिलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर रागसुद्धा नव्हता.

"त्यो मी धुण्यात टाकलाच नव्हता, आत्ती. भट्टीचा, इलायचीचा, त्येंच्या घामाचा वास हुता त्याला. तिकडं नेला असता तर रोज पिशवी उघडली असती आन वास सरला असता. म्हणून हितं ठिवला. मन घट झालं की त्याच्याजवळच येऊन ऱ्हाणार हुते."

हरणाबाईंनी नानकटाईचा तुकडा पुढे केला. "चुकलं गं माझं. घास तरी घाल."

"तुमीच घाला," संयोगिता म्हणाली. तिने वाकळेची नीट घडी केली, सासूच्या मांडीवर ठेवली, पाया पडली आणि चारच्या एसटीने गेली. पुन्हा कधी येणार, हे हरणाबाईंनी विचारलं नाही.

नानकटाई हातातच चुरली. चौथा कोपरा उघडाच राहिला. उन्हं उतरल्यावर हरणाबाई न्हाणीत गेल्या. कॉलर घासलेला ब्रश अजून धुण्याच्या दगडावर पडला होता. त्यांनी तो उचलून नाकाशी धरला. साबणाचा वास आला.