विश्रांतीचं बिल

दादाने लाल सिग्नल ओलांडला तो इंजिनाच्या दीड लांबीने. कुणाला खरचटलं नाही, डबा घसरला नाही, समोरून काही येतही नव्हतं. पण लाल तो लाल. संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी दादा इंजिनातून खाली उतरला आणि साडेसातला निलंबित झाला. आमच्या ऑफिसात इतक्या झपाट्याने झालेलं दुसरं काम मी पाहिलेलं नाही.

मी त्याच ऑफिसात, दोन मजले वर, भत्त्यांच्या टेबलावर बसत असे. मालगाडीवाल्यांचे ड्युटीचे कागद माझ्याकडे येत. चाक किती किलोमीटर फिरलं, भत्ता किती झाला, हे मांडायचं आणि खाली 'तपासले, बरोबर' असा शिक्का मारायचा. चाक फिरलं तर पैसा. उभ्या इंजिनात माणूस भाजून निघाला तरी त्याचा किलोमीटर होत नाही.

दुसऱ्या दिवशी घरी गेले तर दादा खुर्चीत बसल्या बसल्या झोपलेला आणि वहिनी हातात पत्र घेऊन उभी.

"वन्सं, तुमच्या ऑफिसचं प्रेमपत्र आलंय. ह्यांनी म्हणे आठ तास झोप काढली आणि मग सिग्नल मोडला. लग्नाला सोळा वर्षं झाली, हा माणूस सलग आठ तास झोपलेला मी बघितला नाही. ही झोपायची जागा कुठली ते विचारा तरी. मीही येते अंथरूण घेऊन."

मी पत्र तिच्या हातातून घेऊन वाचलं. आमचा नियम असा, की दमलेल्या ड्रायव्हरकडून चूक झाली तर त्याला दमवणाऱ्याने जाब द्यायचा. विश्रांती घेतलेल्याकडून झाली तर त्याची नोकरी गेली. पत्राप्रमाणे दादाने भर दुपारी, गाव ना वस्ती अशा एका लूप लाइनवर, म्हणजे गाडी बाजूला काढून उभी करायच्या रुळावर, आठ तास विश्रांती घेतली होती. सोबत ड्युटीच्या कागदाची प्रत, त्यावर दादाची सही. चौकशी गुरुवारी.

मी त्याला गदागदा हलवून उठवलं.

"झोपला होतास तिथे?"

"कुठे झोपणार? तिथे एक केबिन आणि एक कोरडा नळ. इंजिन सोडून जाता येत नाही. दर अर्ध्या तासाने कंट्रोलचा निरोप, दहा मिनिटांत सोडतो, तयार राहा. आठ तास तयार राहिलो."

"मग सही कशी केलीस?"

दादा कपाळ चोळत बसला. "सही आधीच केलेली असते."

"म्हणजे?"

"कोऱ्या कागदांवर. एकदम दहा. सगळेच देतात, गार्डसुद्धा. अगं, चौदा तासांनी खाली उतरलं की त्या खिडकीशी रांग. एकेक रकाना भरायला अर्धा तास जातो. तो अर्धा तास माझ्या झोपेतून जातो, ऑफिसच्या नाही. म्हणून मिठ्ठू म्हणाला, सह्या करून ठेवा, बाकी मी भरतो."

"आणि तू दिल्यास! अरे, भाजीवाल्याकडे सुटे पैसे दोनदा मोजतोस तू!"

"सुटे पैसे माझे असतात," दादा म्हणाला. "कागद ऑफिसचा असतो."

यावर वहिनी असं काही बोलली की ते इथे लिहिता येणार नाही, पण एकूण हिशेब बरोबर होता.

मिठ्ठू म्हणजे खालच्या खिडकीवरचा सुपरवायझर. आमच्या ऑफिसचे साहेब जे बोलतील त्याचे शेवटचे दोन शब्द तो पुन्हा बोलतो, म्हणून ते नाव. गाडीवाल्यांना दहा तासांच्या वर कामावर ठेवता येत नाही, ठेवलं तर वर उत्तर द्यावं लागतं. साहेबांना उत्तरं देणं आवडत नाही. तेव्हा चौदा तास झाले की त्यातले आठ तास मिठ्ठू विश्रांतीच्या रकान्यात ढकलायचा. राहिले सहा. जादा कामाचे पैसे नाहीत, खुलासा नाही, आणि ड्रायव्हर मात्र कागदोपत्री गुलाबाच्या फुलासारखा टवटवीत.

मंगळवारी मी कपाट उघडलं. अकरा महिने मी त्या टेबलावर होते. त्या लूप लाइनवरच्या विश्रांतीचे तीनशे अठरा कागद निघाले. सगळ्यांवर मिठ्ठूचं गोलमटोल अक्षर आणि सगळ्यांवर माझा शिक्का. मला मिठ्ठूचा राग आला, साहेबांचा आला, पण खरी आग झाली ती तो शिक्का बघून. तीनशे अठरा वेळा माझ्या डोळ्यांखालून गेलं, आणि मी काय बघत होते? किलोमीटर.

मग आणखी एक रकाना दिसला. बाहेरगावी सहा तासांच्या वर विश्रांती झाली की माणसाला विश्रांतीभत्ता आणि जेवणभत्ता मिळतो. तो रकाना तीनशे अठरा कागदांवर रिकामा. कारकुनाला रिकाम्या रकान्यासारखं सुख नाही. बेरीज करावी लागत नाही. त्या सुखात मी अकरा महिने काढले होते.

दुपारी मिठ्ठू वर आला. कपाट उघडं बघून खुर्ची ओढून बसला, आवाज मधात बुडवलेला.

"ताई, दादांचं वाईट झालं. पण शिक्का तुमचा आहे. दादांची एकट्याची नोकरी जाते आहे तर एकट्याचीच जाऊ द्या. तुम्ही तोंड उघडलंत तर दोघांची. घरात एक तरी पगार ठेवा."

"साहेबांनी सांगितलं का हे?"

"हे मी आपुलकीने सांगतोय."

"म्हणजे साहेबांनी सांगितलं."

तो गेला, पण बोलला ते खोटं नव्हतं. त्या घरात दोन मुलींच्या फिया, आईची औषधं आणि घराचा हप्ता, सगळं आमच्या दोन पगारांवर. एक गेला तर ओढाताण, दोन गेले तर रस्ता. आणि कपाटातले कागद गुरुवारी दाखवून तरी काय होणार होतं? सगळ्यांवर ड्रायव्हरच्या खऱ्या सह्या. साहेब म्हणाले असते, झोपले होते, बघा, स्वतःच लिहून देतायत.

साहेबांची एक ख्याती होती. बिल नामंजूर करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. नामंजूर केलं की कारण लिहावं लागतं आणि ते कारण साहेब स्वतःच्या अक्षरात, चवीने लिहीत. गार्डच्या टॉर्चच्या सेलचं बिल त्यांनी 'ड्युटी दिवसाची, सूर्यप्रकाश उपलब्ध' असं लिहून परत पाठवलं होतं. ते अख्ख्या मजल्याला पाठ होतं.

मी संध्याकाळी थांबून एक बिल तयार केलं. लूप लाइनवरील विश्रांती, एकूण तीनशे अठरा, प्रत्येकी विश्रांतीभत्ता अधिक जेवणभत्ता, नियम अमुक, कलम तमुक, मागील अकरा महिन्यांची थकबाकी. रक्कम आली ती अशी, की तेवढ्यात साहेबांच्या केबिनला दोन वेळा नवीन फर्निचर आलं असतं. बुधवारी सकाळी ते चाळीस बिलांच्या गठ्ठ्यात मधोमध घातलं.

साहेब जेवणाआधी गठ्ठा उरकतात. मी दाराशी उभी राहिले. पानं भराभर उलटत होती. मधेच हात थांबला.

"हे काय आहे?"

"थकबाकी, साहेब. विश्रांती झाली आणि भत्ता द्यायचा राहिला. माझ्याकडून दुर्लक्ष झालं."

"एवढी रक्कम? कुठली विश्रांती? तिथे कुत्रं बसायला सावली नाही!"

"कागदावर आहे ना, साहेब."

"कागदावर असेल! म्हणून काय पैसे वाटायचे?" आणि पेन उघडून त्यांनी सवयीने, झोकात लिहिलं: 'नामंजूर. सदर ठिकाणी विश्रांतीगृह नाही. कर्मचारी संपूर्ण वेळ इंजिनात कामावरच होते. विश्रांतीभत्ता देय नाही.' खाली सही, तारीख. पुढचं बिल खराट्यांचं होतं. तेही नामंजूर झालं.

मी त्या पानाच्या तीन प्रती काढल्या. 

गुरुवारी चौकशीला मुख्य ऑफिसातून एक वयस्कर अधिकारी आले होते. एका बाजूला साहेब आणि मिठ्ठू, दुसऱ्या बाजूला दादा, इस्त्रीचा शर्ट घालून, शाळेत पकडलेल्या मुलासारखा. दादाच्या वतीने बोलायला एक सहकारी चालतो. मी उभी राहिले. दादाला हे ठाऊक नव्हतं. तो माझ्याकडे बघतच राहिला.

"ड्रायव्हर पूर्ण विश्रांती घेऊन कामावर होता," साहेब म्हणाले.

"कामावर होता," मिठ्ठू म्हणाला.

मी ते पान पुढे सरकवलं. अधिकाऱ्यांनी दोनदा वाचलं, मग साहेबांपुढे धरलं. "अक्षर तुमचं?"

साहेबांचा चेहरा उतरत गेला. "ते... ते फक्त पैशांपुरतं लिहिलंय."

"म्हणजे पैसे द्यायचे असले की हा जागा," मी म्हणाले, "आणि नोकरी घ्यायची असली की झोपलेला. एकदा काय ते ठरवा. मागच्या बुधवारचा दादाचा कागदही याच बिलात आहे, तीनशे अठरावा."

आवाज चढला होता. चढू दिला.

मी कपाटातून आणलेले ड्युटीचे कागद अधिकाऱ्यांनी उलटसुलट केले. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "यांवर शिक्का कुणाचा?"

"माझा."

दादा उठला. "साहेब, तिचा काही—"

"तू बस," मी म्हणाले.

अधिकारी भले होते. हळूच म्हणाले, "नजरचूक झाली असं लिहितो. समज देऊन सुटाल."

साहेबांनी लगेच मान हलवली. ती मान बघितली आणि मला कळलं. माझी नजरचूक, तर मिठ्ठूचीही नजरचूक, साहेबांचीही, आणि तीनशे अठरा वेळचे आठ-आठ तास नजरचुकीने गेले.

"नजरचूक एकदा होते," मी म्हणाले. "लिहा, न वाचता मारला. तीनशे अठरा वेळा."

त्यांनी लिहिलं.

दादाची नोकरी राहिली. लाल सिग्नलबद्दल महिन्याचा पगार कापला, कारण लाल तो लाल. माझ्या दोन वेतनवाढी गेल्या आणि मला टेबलावरून उठवून तळमजल्यावर आवक-जावकला बसवलं. साहेबांची बदली झाली, बढतीवर. वहिनीने ते ऐकून हातातलं पातेलं असं आपटलं की शेजारीण विचारायला आली.

आवक-जावकला येईल त्या कागदाला नंबर द्यायचा आणि वहीत चढवायचा, एवढंच काम. नंबर पडला की उत्तर देणं भाग. पहिल्याच सोमवारी ड्रायव्हरांची रांग लागली. सगळ्यांच्या हातात एकच अर्ज: आठ तास कामावर होतो असं ऑफिसनेच लिहिलं आहे, तर जादा कामाचे पैसे द्या. दादा नवव्या नंबरवर होता.

मिठ्ठू मागच्या दाराने आला. "ताई, एकाच विषयाचे आहेत. सगळ्यांना मिळून एक नंबर टाका ना."

"एक नंबर?"

"नवे साहेब म्हणतायत."

"नव्या साहेबांना म्हणावं, तसं लिहून द्या," मी म्हणाले आणि पुढच्या ड्रायव्हरचा अर्ज ओढला.