गड्डीवरचे कुंकू

“आजी, तुम्हाला दोरीच्या मागं थांबावं लागेल.”

असे मला सांगणाऱ्या मुलीने काळा टी-शर्ट घातला होता आणि तिच्या गळ्यात ‘जज’ अशी पाटी होती. नाव जान्हवी. मी कुठे उभे राहायचे हे मला सांगणारे माणूस आमच्या माण गावच्या पंचक्रोशीत फार वर्षांत भेटले नव्हते. मी तिच्याकडे नीट पाहिले. ती हसली, पण दोरी तिने वर केली नाही.

“आत माझी सून हाय,” मी म्हणाले.

“हो आजी. पण आत फक्त खेळणारे.”

मी मागे सरकले. तिने खुर्ची आणून दिली, ती मी घेतली.

महाळुंग्याच्या नव्या इमारतीतला तो हॉल एखाद्या मंगल कार्यालयाएवढा होता. लांबच लांब टेबले आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर बसलेली तरुण मुले, मधूनमधून मुली. कुणाचे केस निळे, कुणाच्या अंगात चित्रातल्या योद्ध्याचा पायघोळ झगा. त्या सगळ्यांत लिंबू रंगाच्या साडीत, पदर खांद्यावर नीट पिनेने लावून माझी सून शुभांगी बसली होती. जत्रेएवढी माणसे आणि गाभाऱ्यातली शांतता एकाच छपराखाली मी प्रथमच पाहत होते. आवाज होता तो फक्त पत्ते पिसण्याचा. सुपात भात पाखडताना येतो तसला, कोरडा आणि एकसारखा.

आमच्या घरात पत्त्यांना बंदी आहे. माझ्या थोरल्या दिरांनी तीन पत्तीच्या फडावर बैलजोडी घालवली, तेव्हापासूनची. पुढे भाताची खाचरे गेली, त्यांच्यावर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, घरामागे आम्ही भाड्याच्या खोल्या बांधल्या. बंदी मात्र टिकली. त्या खोल्यांचे सगळे शुभांगी पाहते. पाण्याची मोटार लावणे, टाकी भरली की बंद करणे, किल्ल्या सांभाळणे, कुणाचा गीझर बिघडला तर माणूस बोलावणे. लग्न होऊन आल्यापासून ती माझ्यापुढे ‘व्हय आत्याबाई’ याखेरीज फारसे बोलल्याचे मला स्मरत नाही.

वरच्या खोलीत जुईली नावाची अकोल्याची मुलगी राहते, संगणकाच्या कंपनीत नोकरी करते. तिला खेळायला जोडीदार मिळेना, म्हणून तिने माझ्या सुनेला शिकवले. दुपारी मी आडवी झाले की गच्चीच्या जिन्यात यांचा खेळ चाले. मला कळले ते टाकी भरून वाहू लागली म्हणून. जिना चढून गेले, तर दोघी पायरीवर पत्ते मांडून बसलेल्या.

“ह्ये काय चाललंय?”

शुभांगी ताडकन उभी राहिली. बोलली ती जुईली.

“आजी, हे जुगाराचे पत्ते नाहीत. जपानी कार्टून असतात ना, ॲनिमे, त्यातल्या पात्रांची कार्डं आहेत. याच्या स्पर्धा होतात. रविवारी महाळुंग्याला आहे. ताई पहिल्या आठांत आल्या, तर पुढं बंगळूरला, अख्ख्या देशाची.”

“पत्त्याला पत्ताच म्हनायचं. चित्र बदलून काय हुतं?”

“आत्याबाई,” शुभांगी म्हणाली, “मला एकदा जाऊ द्या.”

इतक्या वर्षांत तिने माझ्याजवळ स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट. मी विचार केला आणि निकाल दिला.

“जा. पर मी संगं येनार. पहिल्या आठांत आलीस तर खुशाल खेळ, बंगळूरला सुदीक जा. न्हाई आलीस तर ह्यो पत्त्यांचा डबा माज्या कपाटात. परत नाव काढायचं न्हाई. हाय कबूल?”

“हाय,” ती म्हणाली. विचार करायला तिने क्षणही घेतला नाही.

आणि म्हणून मी त्या दोरीच्या मागे बसले होते. जुईली शेजारी उभी राहून मला खेळ समजावून सांगत होती. प्रत्येकाची आपापली गड्डी. प्रत्येक कार्ड प्लॅस्टिकच्या कव्हरात, पाठी सगळ्या सारख्या, म्हणजे वरचे कार्ड कोणते हे कुणालाच कळू नये. खेळाआधी समोरच्याने आपली गड्डी कापायची, आपण त्याची. आरंभी हात मिळवायचा आणि शेवटीही. मला ही शिस्त आवडली. लग्नाच्या बैठकीत दोन्हीकडची माणसे इतक्या मर्यादेने वागलेली मी पाहिलेली नाहीत.

मात्र मी पाहत होते ते शुभांगीकडे. माझ्यासमोर ती मान वर करत नाही. इथे ती परक्या माणसाच्या डोळ्यांत डोळे घालून विचारत होती, “हल्ला करतीय. अडीवताय का?” आणि समोरचा दाढीवाला गृहस्थ कपाळाला हात लावून विचारात पडत होता. तिचा हात कार्डावर जाई, थांबे, दुसऱ्याच कार्डावर जाई. घाई नव्हती, धाकधूक नव्हती. माझ्या स्वयंपाकघरात वावरणारी ही बाई मी कधी पाहिलीच नव्हती, असे मला वाटू लागले. ती एक फेरी हरली. बाकीच्या जिंकत गेली.

दुपारी आम्ही भाकरी-पिठल्याचे गाठोडे सोडले. जुईलीने पत्त्यांच्या डब्यातले एक कार्ड काढून मला दाखवले. पांढऱ्या केसांची एक म्हातारी, हातात काठी, हनुवटी वर, गडाच्या दरवाजात उभी.

“हे ताईंचं लाडकं कार्ड. ही बाई आली की समोरच्याची सगळी पात्रं आडवी होतात. कुणाला हल्ला करता येत नाही. ताई हिला आत्याबाई म्हणतात.”

एवढे बोलून तिने जीभ चावली. शुभांगीचा घास तोंडातच राहिला. मला राग यायला हवा होता. मी ते कार्ड हातात घेऊन बराच वेळ पाहिले.

“काठी बरी हाय तिची,” मी म्हणाले.

जेवण झाल्यावर जुईली पुढच्या फेरीचा फळा पाहायला गेली. शुभांगी हात धुवायला उठली. “डबा सांबाळा, आत्याबाई. कुनाला हात लावू देऊ नका.”

माझा हात ‘कुना’त मोडत नाही, अशी माझी समजूत होती. शेवटची फेरी उरली होती. ती जिंकली की सून पहिल्या आठांत. आणि आमच्या घरातून कामाची वस्तू कुंकवावाचून बाहेर पडत नाही, मग ती पाण्याची मोटार असो की परीक्षेचे पेन. गावच्या देवीचे कुंकू माझ्या कमरेच्या पिशवीत असतेच. मी डबा उघडला, ती पांढऱ्या केसांची शोधून काढली. तोंडावर बोट ठेवणे बरे वाटेना, म्हणून कार्ड उलटे केले आणि पाठीवर अंगठा टेकवला. कव्हर डाळिंबी रंगाचे, कुंकू त्यात मिसळून गेले. डबा बंद करून मी मांडीवर धरून बसले.

शेवटच्या फेरीत समोर वेदांत नावाचा कॉलेजातला मुलगा होता, जाड चष्म्याचा. दोघांनी एकमेकांच्या गड्ड्या कापल्या. पहिला डाव त्याने घेतला, दुसरा शुभांगीने. तिसऱ्यात, म्हणजे निकालाच्या डावात, तिच्यापुढे दोनच पात्रे उरली आणि त्याच्याकडे रांगच्या रांग उभी.

जुईली माझ्या कानाशी म्हणाली, “पुढच्या खेपेला तो संपवणार. आता आत्याबाई आल्या तरच.”

कार्ड ओढायची पाळी शुभांगीची होती. तिने गड्डीकडे हात नेला, आणि वरच्या दिव्याचा उजेड तिरपा पडून सगळ्यात वरच्या कव्हरावर काही चमकले. माझ्या अंगठ्याचा ठसा मी ओळखला. देवी धावून आली, असे मला वाटले.

शुभांगीचा हात तिथेच थांबला. तिने मान वर केली आणि दोरीपलीकडे मला शोधले. मी मान हलवली. घे, असे ओठांनीच म्हणाले.

ती माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता. मग तिने गड्डीवरचा हात काढून घेतला आणि तोच हात उंच केला.

“जज.”

जान्हवी आली. “काय झालं?”

“माज्या वरच्या कार्डावर खूण हाय. कुंकवाची.”

वेदांत वाकला. “मला तर दिसलीच नव्हती.”

“मला दिसली न्हवं का.”

“कार्ड कोणतं, ते माहिती आहे?” जान्हवीने विचारले.

“बघितलं न्हाई. पर ठावं हाय.”

मी उठले आणि दोरीपाशी गेले. “कुंकू मी लावलंय. तिला न्हवतं ठावं. काय शिक्षा असंल ती मला करा.”

आजूबाजूची टेबले थांबली होती. जान्हवी वरिष्ठांशी बोलून आली आणि माझ्यासमोर उभी राहून, आवाज चढू न देता म्हणाली, “आजी, गड्डीची जबाबदारी खेळणाऱ्याची असते. खूण एकाच कार्डावर आहे, तीही डाव फिरवणाऱ्या. हा डाव ताईंना सोडावा लागेल.”

“मला असं नको जिंकायला,” वेदांत म्हणाला. “तिसरा डाव परत खेळू की.”

“ते तुझ्या हातात नाही. माझ्याही नाही.”

“बराबर हाय,” शुभांगी म्हणाली आणि तिने हात पुढे केला. वेदांतने तो दोन्ही हातांत धरला. मग त्याने विचारले, “ताई, वरचं कार्ड बघू?”

तिने ते उलटले. पांढरे केस, काठी, वर केलेली हनुवटी. वेदांतने आपल्या हातातली सगळी कार्डे उताणी करून टेबलावर ठेवली. त्यांत त्या म्हातारीला उत्तर नव्हते.

मी पुष्कळ न्यायनिवाडे पाहिले आहेत, काही केलेही आहेत. रात्रीतून बांधाचा दगड हातभर सरकवून सकाळी देवाची शपथ घेणारी माणसे मी आयुष्यभर पाहिली. त्यांत आमच्या घरचीही होती. स्वतःच्या बांधातला दगड सगळ्यांसमोर बोट करून दाखवणारे माणूस मात्र पाहिले नव्हते. आणि ते रोज माझ्या घरात चहा करत होते.

माझा मुलगा शेखर गाडी घेऊन खाली उभा होता. “काय मंग, जिंकली का न्हाई?” त्याने विचारले.

“गाडी चालीव,” मी म्हणाले.

माणच्या फाट्यावर गर्दीत गाडी अडकली, तेव्हा शुभांगीने मागच्या सीटवरून डबा माझ्या हातात दिला. “घ्या, आत्याबाई. शबूद दिला हुता.”

त्यात टोमणा असता, तर मला सोपे गेले असते. मी डबा घेतला. घरी आल्यावर कपाटात ठेवला, कुलूप लावले, किल्ली कमरेला खोचली. ओट्यावरून यजमानांनी, विठ्ठलरावांनी, काय झाले म्हणून विचारले. मी देवापुढे दिवा लावायला वळले. संध्याकाळी मोटारीचा आवाज ऐकू आला. टाकी भरायच्या आत ती बंद झाली.

दिलेला निकाल मी आजवर फिरवला नव्हता. रात्र मी त्यातच काढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आडवी झाले नाही. डबा घेऊन जिना चढले. शुभांगी पायरीवर एकटीच वाळलेले कपडे घड्या करत बसली होती. मी डबा तिच्यापुढे ठेवला.

“आत्याबाई, शबूद...”

“त्यो तू पाळलास. निकाल माजा हुता, मी फिरीवला. मांड.”

“कुनासंगं?”

मी खालच्या पायरीवर बसले. तिचा हात डब्याकडे गेला आणि झाकणावरच थांबला. तिने माझ्या अंगठ्याकडे पाहिले. मग मला समजले. मी उठले, टाकीच्या नळाखाली अंगठा साबणाने घासून धुतला, पदराला कोरडा केला आणि परत येऊन दोन्ही तळहात तिच्यापुढे धरले.

तिने ते उजेडात नीट पाहिले, आणि मगच डबा उघडला.