चादरींखालचा अल्बम

चॉकलेट घुसळता घुसळता रवी भांड्याच्या काठावर खटकन आपटली आणि स्वयंपाकघरातली सकाळपासूनची शांतता मोडली.

"भांडं फोडतेस का काय?" एल्किन दारातूनच म्हणाला. "अगं, इटलीची माणसं पोरीला न्यायला आलीत, भांडी न्यायला नाही."

एरवी नूबियाने नवऱ्याला तिथल्या तिथे सुनावलं असतं. आज तिने नुसता त्याचा पेला पुढे सरकवला.

टेबलाशी युरानी मक्याच्या भाकरीचे तुकडे चॉकलेटात बुडवत बसली होती. साडेचार वर्षांची. नऊ महिन्यांची होती तेव्हा बालकल्याणच्या लोकांनी तिला नूबियाच्या पदरात घातलं होतं, दत्तक जाईपर्यंत सांभाळायला. नूबियाचं कामच ते. मनिसालेस शहराच्या चढावरच्या या घरातून तिने याआधी सात मुलं सांभाळून पाठवली होती, कुणी फ्रान्सला, कुणी स्पेनला. मुलांनी तिला मावशी म्हणावं असा नियम होता. बालकल्याणच्या कार्यालयात मुलं मावशी म्हणत. तिथली पायरी उतरली की आई.

बाकीची मुलं सहा महिने, फार तर वर्षभर राहिली. ही जवळजवळ चार वर्षं राहिली, आणि तिथेच घोटाळा झाला.

पाच आठवड्यांपूर्वी इटलीहून पाकीट आलं होतं. त्यात एक कापडी गाढव आणि फोटोंचा अल्बम. होणाऱ्या आईबापांचे फोटो, त्यांच्या घराचे, कुत्र्याचे. रोज संध्याकाळी मुलाला मांडीवर घेऊन ते दाखवायचे, ही तुझी आई, हे तुझे बाबा म्हणायचं, म्हणजे भेटीच्या दिवशी मूल बिचकत नाही. सातही मुलांना नूबियाने असंच तयार केलं होतं. या वेळी गाढव तेवढं पोरीच्या हातात गेलं, बाजारातून आणलं असं सांगून. अल्बम कपाटात चादरींखाली गेला. उद्यापासून दाखवू. मग पुन्हा उद्यापासून. कार्यालयातल्या अंपारोबाई अल्बमचं विचारायला आल्या तेव्हा ती बेधडक म्हणाली, "काढते ना, रोज काढते." तेवढं खरं होतं. पोर दुपारी झोपली की ती एकटीच तो काढून बघत बसायची.

भेट दहा वाजता होती. निघताना तिने अल्बम पिशवीत टाकला. कशासाठी, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"कुठे चाललोय आपण?" युरानीने उतारावर विचारलं.

"अंपारोबाईंकडे."

"इंजेक्शन आहे?"

"नाही गं."

"मग तू हात एवढा घट्ट का धरलायस?"

कार्यालयातल्या खोलीत फुगे लावले होते, केक ठेवला होता. बंद खिडकीशी इटलीहून आलेले नवरा-बायको, ऑर्नेला आणि सिल्व्हानो, उभे होते. दार उघडताच ऑर्नेला पटकन पुढे आली, गुडघ्यांवर बसली आणि आठ महिने शिकवणी लावून शिकलेल्या स्पॅनिशमध्ये म्हणाली, "आलीस, बाळा? किती वाट बघितली तुझी."

युरानी नूबियाच्या झग्यामागे गेली. "आई, ही बाई कोण?"

ऑर्नेलाला तेवढं स्पॅनिश समजलं. तिच्या अंगात जाड हिरवा लोकरी स्वेटर होता, त्या कोंदट खोलीत कपाळावर घाम आला होता, तरी तिने तो काढला नव्हता. नूबियाने स्वेटर लगेच ओळखला. अल्बमच्या पहिल्या पानावरचा. पोरीने ओळखावं म्हणून बाई तोच घालून आली होती.

अंपारोबाईंनी नूबियाला दाराबाहेर घेतलं. "पोरीची तयारी दिसत नाही. तुम्ही तर सगळं केलंत. काही मुलांना वेळ लागतो. भेट पुढे ढकलते मी. महिना, कदाचित दोन."

महिना. कदाचित दोन. त्यासाठी आता खोटंही बोलायला नको होतं, नुसतं गप्प राहायचं होतं. उघड्या दारातून ऑर्नेलाचा आवाज आला. अडखळत, शब्द जुळवत ती नवऱ्याला नव्हे, युरानीलाच विचारत होती, "मी काही चुकीचं बोलले का?"

नूबियाने पिशवीतून अल्बम काढला.

"बाई, पोरीचं काही अडलेलं नाही. तिने या दोघांना कधी पाहिलंच नाही. मी दाखवलं नाही."

"रोज काढते म्हणालात!"

"काढत होते. मीच बघत होते."

अंपारोबाईंचा चेहरा लाल झाला. "सात मुलं, नूबिया! नव्या बायकांना मी तुमचं उदाहरण देते. आता तुमच्याकडे आठवडाभरासाठी तरी कुणी मूल ठेवेल का?"

"नाही ठेवणार."

बाईंनी दार सताड उघडलं. मग म्हणाल्या, "चला आत. बसा खाली आणि दाखवा. त्या दोघांच्या समोर. मी नाही दाखवणार, तुम्हीच."

नूबिया आणि ऑर्नेला फरशीवर बसल्या, युरानी मधे. नूबियाने पहिलं पान उघडलं. "ही ऑर्नेला," ती म्हणाली, आणि थांबली. "ही तुझी आई."

युरानीने फोटो पाहिला, मग बाई पाहिली. "तोच स्वेटर!" तिने हात लांबवून वरचं बटण चाचपलं. ऑर्नेलाने श्वास रोखून धरला, जणू हलली तर पाखरू उडेल.

"हा कुत्रा चावतो?"

सिल्व्हानोने मान हलवली आणि तो कसा घोरतो ते करून दाखवलं. पोर खुदकन हसली. "पुन्हा करा." त्याने पुन्हा केलं. नूबियाला हसू आलं आणि त्या हसण्याचाच राग आला.

"आणि हा पलंग कुणाचा?"

"तुझा," ऑर्नेला म्हणाली. "खिडकीजवळचा."

युरानीने अल्बम स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला. एकेक पान उलटत, प्रत्येक फोटोवर बोट ठेवत ती शेवटपर्यंत गेली. मग परत पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी अगदी नाक टेकवून.

"काय शोधतेस गं?" नूबियाने विचारलं.

युरानीने मान वर केली. "आई, तू कुठल्या पानावर आहेस?"